घर का विकताय?

मंजुळाबाई पाष्टे यांना घर विकायचं होतं, आणि घर विकायचंय हे इमारतीत कुणालाही कळू द्यायचं नव्हतं. आता बोला! ठाकुर्लीतली लिफ्ट नसलेली इमारत, घर तिसऱ्या मजल्यावर, गिऱ्हाइकं चढणार ती त्याच एका जिन्याने, आणि जिन्यावर सगळ्यांची दारं दिवसभर उघडी. तरी म्हणे कळता कामा नये. बरं, कोर्टकचेरी नाही, भाऊबंदकी नाही. कारण एवढंच की मंजुळाबाईंचे गुडघे गेले होते.

गणपतीत आरतीला म्हणून त्या खाली उतरल्या, आणि वर येताना दुसऱ्या मजल्यावर अशा अडकल्या की वर पाय उचलेना आणि खाली टेकवेना. डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर त्या उंबरठ्याबाहेर पडल्याच नाहीत. ऑपरेशनचं नाव काढलं की बीपी वाढायचं. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून गॅलरीत यायची, आणि मंडळाच्या बायका बोलवायला आल्या की कधी पाहुणे यायचे असत, कधी डोकं धरलेलं असे. आंबिवलीला एका नव्या इमारतीत घर बघून ठेवलं होतं, लिफ्टचं, खाली बसायला बाकं असलेलं. हे विकलं तरच ते घेता येणार होतं. बिल्डरचा माणूस दर आठवड्याला फोन करून विचारायचा, मावशी, ठेवू की देऊ दुसऱ्याला? तो फोन ठेवला की मंजुळाबाई गॅलरीतून खाली बघत बसायच्या आणि त्यांचा जीव नुसता तुटायचा.

मग सांगून टाकायचं ना सरळ! पण नाही. ही बाई म्हणजे मंगळागौरीच्या खेळांच्या ग्रुपची पुढारी. फुगडीत तिने डोंबिवलीतल्या कितीतरी नव्या सुनांना घाम फोडलेला. तिने आता जिना चढवत नाही म्हणून सांगायचं? नवऱ्याला तिने बजावून ठेवलं होतं, "माझ्या गुडघ्यांचं बाहेर एक अक्षर बोललात तर याद राखा."

पंढरीनाथ पाष्टे बायकोला घाबरायचे, तेव्हा ते बोलले नाहीत. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली होती. उभ्या जन्मात लोकांचे फोन जोडून दिल्यामुळे मोबाईलमधलं आपल्याला सगळंच कळतं असा त्यांचा ठाम समज होता. ते म्हणाले, "एजंट कशाला? दोन टक्के घेणार आणि करणार काय, तर दार उघडून 'हा हॉल, हे किचन' म्हणणार. हॉल कुठला ते लोकांना दिसतं की!"

"मानपाड्याचा साईनाथ आहे ना," मंजुळाबाई म्हणाल्या. "माणूस समोर असतो, त्याला दोन शब्द विचारता येतात. तुमच्या त्या ॲपला काय विचारणार, कपाळ?"

पण ठाण्याहून त्यांची लेक ऐश्वर्या रविवारी आली आणि जेवून हात धुवेपर्यंत तिने घर ॲपवर टाकूनही दिलं. दलाली शून्य. इमारतीचं नाव घालायचं नव्हतं, म्हणून नुसतं 'स्टेशनजवळ'. विकण्याचं कारण, या रकान्यात काहीच नाही. फोटो पंढरीनाथांनी स्वतः काढले, त्यामुळे बाथरूमच्या फोटोत त्यांचा बनियन वाळत होता.

फोन आले, नाही कसे? धो धो आले. पहिले सगळे एजंटांचे. "सर, मी कस्टमरच बोलतोय" म्हणत सुरुवात करायचे आणि शेवटी दलालीवर यायचे. मग "लास्ट किती?" एवढंच विचारून गायब होणारे. त्यातून जे खरोखरचे घर बघायला आले ते चहा पिऊन, पोहे खाऊन, हवा छान आहे म्हणून शेवटी विचारायचेच, "घर का विकताय?"

"असंच," पंढरीनाथ म्हणायचे.

"असंच म्हणजे?"

"म्हणजे... विकायचंय म्हणून."

संपलं! माणसं एकमेकांकडे बघायची. एकाने छताला ओल शोधली, एकाने भिंती ठोकून पाहिल्या. एक बाई तर आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरात काही वाईट झालंय का हो? म्हणजे कुणी... पंख्याला वगैरे?" मंजुळाबाईंनी त्यांच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. दुसरा चमचा खाऊ दिला नाही.

महिनाभर असं चालल्यावर पंढरीनाथांनी हात टेकले आणि साईनाथ आला. पांढरे बूट, डोक्यावर गॉगल, अत्तराचा वास त्याच्या आधी जिना चढून आलेला. बोलायला गोड. आणि 'पार्टी' हा शब्द त्याच्या तोंडून दर वाक्याला पडायचा.

"काकू, टेन्शन घेव नका. पार्टी रेडी हाय. फक्त सांगा, घर का विकताव?"

"ते सांगायचं नाही."

"नका सांगू," साईनाथ उदारपणे म्हणाला. "आपुन सांगू कायतरी."

आणि त्याने सांगितलं ना! पुढच्याच शनिवारी त्याची पार्टी आली, बँकेतले एक निवृत्त साहेब. सोफ्यावर टेकताच त्यांनी विचारलं, "मुलगा अमेरिकेत कुठे असतो तुमचा?"

"कुणाचा?" पंढरीनाथ म्हणाले.

"काका लय मस्करी करतान," साईनाथ घाईघाईने म्हणाला.

शेवटी मंजुळाबाईंनीच त्या न झालेल्या मुलाला न्यू जर्सीत नेऊन बसवलं. कंपनी मोठी आहे म्हणाल्या, आम्हाला तिकडेच बोलावतोय म्हणाल्या. बोलता बोलता त्यांना त्याच्याबद्दल थोडी मायाही वाटायला लागली. साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग त्याची सही लागेल. एनआरआय वारस म्हणजे पुढे कटकट. नको बुवा." गॉगल सावरत साईनाथ त्यांच्यामागे धावला, पण साहेब तोवर खाली पोचले होते. चांगले गुडघे!

त्या दिवशी घरात जोरदार भांडण झालं. हे म्हणाले, बघितलास तुझा एजंट, मला बाप केलं त्याने. त्या म्हणाल्या, निदान काहीतरी बोलला तरी, तुमचं ॲप तर मुकं. पण दोघांनाही ठाऊक होतं की दोष ॲपचाही नाही आणि साईनाथचाही नाही. फक्त ते म्हणायचं कुणी? दोघांनी आपापली ताटं घेतली आणि दोन खोल्यांत बसून जेवले.

दिवाळी तोंडावर आली. बिल्डरचा माणूस म्हणाला, मावशी, आता दिवाळीपर्यंतच. आणि तेवढ्यात कमलेश आणि करिश्मा आले, कल्याणचे नवराबायको, नोकरीवाले. त्यांनी घर ॲपवर पाहिलं होतं, पण आले होते साईनाथच्या गाडीतून, त्यामुळे पंढरीनाथ आणि साईनाथ दोघंही त्यांना आपलं गिऱ्हाईक समजून अगदी हसतमुखाने वागत होते. बरोबर कमलेशची आई होती, शेवंतीबाई. त्या सगळ्यांच्या मागून, बऱ्याच वेळाने वर आल्या. चेहरा लाल झालेला, पण ओठ घट्ट मिटलेले. खुर्ची दिसताच टेकल्या.

घर मुलांना एकदम पसंत पडलं. करिश्माने मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले. किमतीवर घासाघीस नाही, काही नाही. कमलेश म्हणाला, "काका, टोकन आत्ता पाठवू?" पंढरीनाथांनी लगेच मोबाईल पुढे केला. साईनाथने खिशातून पेढ्यांचा पुडा काढला, तो बहुतेक दर वेळी बरोबर आणत असावा.

"एक विचारू?" शेवंतीबाई म्हणाल्या. "घर छानच आहे. मग विकताय का हो?"

"अमेरि..." साईनाथने तोंड उघडलं.

मंजुळाबाईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. शेवंतीबाईंचा एक हात पदराखाली गेला होता आणि गुडघा हळूहळू दाबत होता. कुणाला दिसणार नाही असा. हे दाबणं मंजुळाबाईंना अगदी ओळखीचं होतं. गप्प बसलं की झालं, एवढंच करायचं होतं. आंबिवली, लिफ्ट, खालची बाकं, सगळं त्या एका गप्प बसण्यात होतं. त्यांनी खरंच गप्प बसून पाहिलं. जमेना.

"तुम्ही इथे राहणार? मुलांबरोबर?" त्यांनी विचारलं.

"हो, मग कुठे जाणार?"

"मग घेऊ नका हे घर."

पंढरीनाथांनी डोळे मिटून घेतले. साईनाथच्या हातातला पेढा तिथेच थांबला.

"माझे गुडघे गेलेत," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. "गणपतीपासून मी खाली उतरलेले नाही. भाजी दोरीने येते. लोकांना खोटं सांगते. गॅलरीतून खालच्या बायका हसताना दिसतात आणि मला रडू येतं. म्हणून विकतोय. मुलांनी घ्यावं खुशाल, त्यांचे पाय तरुण आहेत. पण तुम्हाला इथे आणू नये. कोंडल्यासारखं होतं हो, वाईट कोंडल्यासारखं होतं."

मग कमलेशने वळून विचारलं, "आई, तुझे गुडघे दुखतात?"

"थोडे," शेवंतीबाई म्हणाल्या.

"कधीपासून? सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार रे? तुम्ही दोघं इतके खूश होतात." आणि त्याही पदराने डोळे पुसायला लागल्या.

"काकू," साईनाथ कळवळून म्हणाला, "माझ्या पोटावर पाय दिलाव तुमी." पण त्याचेही डोळे जरा ओले दिसत होते, आणि पेढा त्याने खाऊन टाकला.

कमलेशने माफी मागितली, आईला हात दिला. सौदा गेला तो गेलाच. दारात शेवंतीबाई थबकल्या. जिन्याकडे बघून म्हणाल्या, "चढण्यापेक्षा उतरताना जास्त जीव जातो."

"कठडा धरायचा आणि तिरकं उतरायचं," मंजुळाबाई म्हणाल्या. "दुखरा पाय आधी खाली."

"मग दाखवा की. दोघी मिळून उतरू. मला कुठे घाई आहे?"

मंजुळाबाईंनी उंबरठ्याकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. आणि चप्पल शोधायला लागल्या, ती माळ्यावर ठेवलेली निघाली.

काय ती मिरवणूक! पुढे साईनाथ, प्लॅस्टिकचं स्टूल डोक्यावर घेऊन, प्रत्येक वळणावर ते मांडणारा. मध्ये दोन बायका तिरक्या तिरक्या, 'अगं आई गं' करत आणि मग हसत. मागे पंढरीनाथ, उगीचच दोन्ही हात पसरून, जणू पडल्या तर झेलणारच होते, आणि त्यांच्याही मागे कमलेश आणि करिश्मा. दुसऱ्या मजल्यावर सगुणाचं दार उघडलं. मंगळागौरीच्या ग्रुपमधली मंजुळाबाईंची जुनी जोडीदारीण ती.

"मंजुळे? अगं, हे काय!"

"गुडघे गेले माझे," मंजुळाबाईंनी स्टुलावर बसूनच सांगितलं. "म्हणून घर विकतेय. झालं समाधान?"

सगुणा दाराबाहेर आली. "आणि आम्ही काय समजलो माहितीये? तुला गर्व चढला. बोलवायला आलं की कारणं सांगतेस, दारातूनच परत पाठवतेस. मी म्हटलं, जाऊ दे, आपण नाही कुणाच्या दारात जायचं." एवढं बोलून ती खाली बसली आणि सरळ मंजुळाबाईंचा गुडघा चोळायला लागली. इतके दिवस मंजुळाबाई लोकांच्या कीव करण्याला घाबरून बसल्या होत्या, आणि लोक बिचारे रुसून बसले होते.

मग सगुणाला एकदम आठवलं. "अगं, पण घर विकतेस? आमच्या प्रितमचं लग्न ठरलंय, तो घरच शोधतोय! ॲपवर एक दिसलंही होतं. म्हणाला, आपल्याच बिल्डिंगसारखं वाटतंय, पण मालकाचं नाव नाही, कारण नाही, काहीतरी लफडं असणार. ते बनियनवालं!"

"म्हणजे ॲपवरूनच विकलं गेलं," पंढरीनाथ वरच्या पायरीवरून म्हणाले.

"असा कसा?" साईनाथ उसळला. "पार्टी मी खाली आणली म्हणून ह्या मावशीशी गाठ परली."

दोघांचं तिथेच जुंपलं. बायकांनी त्यांना जिन्यात सोडलं आणि स्टूल स्वतःच घेऊन पुढे निघाल्या.

खाली पोचल्यावर शेवंतीबाई मुलासुनेबरोबर रिक्षात बसून गेल्या, जाताना आंबिवलीच्या बिल्डरचा नंबर घेऊन. मंजुळाबाई इमारतीसमोरच्या कट्ट्यावर बसल्या. भाजीवाला आपण होऊन त्यांच्याजवळ गाडी घेऊन आला. मंडळाच्या बायका जमल्या, सगळ्या एकदम बोलत होत्या, आणि मंजुळाबाईंनी कितीतरी दिवसांनी मेथीची जुडी स्वतःच्या हाताने उलटसुलट करून निवडली.

थोड्या वेळाने पंढरीनाथ खाली आले. बायकांच्या गर्दीबाहेर घुटमळले आणि हळूच म्हणाले, "अगं, वर कसं जायचं आता?"

"वर कशाला?" मंजुळाबाई म्हणाल्या. "आत्ताच तर आलेय."