एकेचाळिसावी फ्लॉपी

बाईंना मतं होती. एक सोडून दहा होती, आणि त्यातलं एकही गिळून टाकायची त्यांना सवय नव्हती. फक्त ते बाहेर पडायला वेळ लागायचा, आणि छापखान्याच्या अध्यक्षांना नेमकी तेव्हाच घाई असायची.

छापखाना कामगारांच्याच मालकीचा होता. बावीस भागीदार, बावीस मतं. बाई त्यांच्यात सगळ्यांत जुन्या. हातजुळणीच्या खोलीत बसून शिशाचे खिळे एकेक वेचायचे, ओळ भरायची, ओळींचं पान बांधायचं, हे काम त्या चाळीस वर्षं करत होत्या. लाकडी केसच्या कुठल्या खणात कुठलं अक्षर आहे हे त्यांच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळायचं. बाकी सगळी छपाई केव्हाच नव्या यंत्रांवर गेली होती, पण कागदावर उठलेलं अक्षर बोटाला लागलंच पाहिजे अशी खोड असलेले काही लेखक अजून होते, आणि ते बाईंकडेच यायचे.

तीस वर्षांपूर्वी बाईंच्या घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र गेलं. आवाज गेला नाही, आणि त्याचं श्रेय त्यांच्या धाकट्या भावाला.

धाकटा रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्याकडे तेव्हा एक घरगुती कॉम्प्युटर होता. कीबोर्डच्या पोटातच सगळा संसार, वायर टीव्हीला जोडली की झालं. ऑपरेशनला तीन आठवडे होते. त्याने त्याला मायक्रोफोन जोडला आणि बहिणीला समोर बसवून शब्द बोलायला लावले. हॉस्पिटलने उपयोगी शब्दांची यादी दिली होती: पाणी, दुखतंय, कृपया, धन्यवाद. बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "ही कसली यादी? भांडायला एक शब्द नाही यात." मग त्यांनी स्वतःची यादी केली. नाही. का. कुणी सांगितलं. थांबा. परत करा. चाळीस फ्लॉपी भरल्या. शेवटच्या दिवशी धाकट्याने यंत्र छापखान्यात नेलं आणि बाई काम करताना ते नुसतं चालू ठेवलं. ती एकेचाळिसावी फ्लॉपी. तिच्यावर त्याने लिहिलं, 'उरलेलं'. त्यात सुटे शब्द नव्हते, नुसता गोंगाट होता, म्हणून ती कधी कामाला आली नाही.

या एकेचाळीस फ्लॉपी बाईंनी एका रिकाम्या केसच्या खणांत मांडल्या होत्या. बोलायचं झालं की हात न बघता खणाकडे जायचा, फ्लॉपी आत, दोन अक्षरांची खूण कीबोर्डवर, मग घर्रर घर्रर, आणि मग शब्द. पाच शब्दांच्या वाक्याला चार फ्लॉपी लागायच्या. तोवर समोरच्याचा चहा संपायचा. बोलण्यासाठी घशाला टेकवायचं गुणगुणणारं यंत्र बाईंनी दोन दिवस वापरून पाहिलं होतं आणि माशी गिळल्यासारखं वाटतं म्हणून कपाटात टाकलं होतं. भाचीने मोबाइल आणला, तो गोड गळ्याच्या एका मुलीच्या आवाजात बोलला. बाईंनी प्रूफाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, "ही कोण? मी हिला ओळखत नाही."

तर, वेळ लागायचा. आणि गेल्या वर्षी त्याच वेळाने घात केला. पायाने चालवायचं जुनं छपाईयंत्र भंगारात काढायचा ठराव बैठकीत आला. बाई तेविसाव्या फ्लॉपीवरचं 'थांबा' शोधत होत्या. निदान तोवर थांबावं म्हणून त्यांनी हात वर केला. अध्यक्षांनी तो हात पाठिंब्यात मोजला. "एकमताने मंजूर," ते म्हणाले, आणि शिक्का मारला. 'थांबा' हा शब्द यंत्रातून आला तेव्हा लोक खुर्च्या सरकवून उठत होते. आठवड्याच्या आत यंत्र गेलं. वृत्तांताच्या वहीत ओळ राहिली: बाईंनी हात वर करून पाठिंबा दिला.

त्या ओळीचा बाईंना जितका राग आला होता तितका कॅन्सरचाही आला नव्हता.

आता नवी नोटीस लागली होती. गुरुवारी बैठक, विषय एकच: हातजुळणी विभाग बंद करणे व खिळे वितळवण्यास देणे.

बाई नोटीस घेऊन तडक धाकट्याच्या दुकानात गेल्या आणि ती त्याच्या पुढ्यात आपटली.

"अगं, बघितली मी," धाकटा म्हणाला. बासष्टीला आला होता, पण बहिणीपुढे अजून मान खाली घालून बोलायचा. "म्हणूनच हे मागवलंय. बस."

टेबलावर दोन छोटी कार्डं होती. त्या जुन्या कॉम्प्युटरवर जीव लावून बसलेले वेडे जगात अजून पुष्कळ आहेत, आणि त्यातले काही घरी बसून असली कार्डं बनवतात, हे त्याने अभिमानाने सांगितलं. जणू तो त्या वेड्यांचा सरपंचच. पहिल्या कार्डात नखाएवढी मेमरी चिप बसायची. सगळ्या फ्लॉपी तिच्यात मावून वर गोदाम रिकामंच राहणार होतं. दुसऱ्या कार्डावर नवा प्रोसेसर होता, जुन्यापेक्षा पन्नासपट वेगवान.

दोन दिवस ते फ्लॉपी उतरवत बसले. एकोणिसावी गेलेली निघाली. आतल्या चकतीवर बुरशी धरली होती. तिच्यावर 'उद्या' होता, 'आपण' होता, आणि 'माझं' होता.

बाईंनी कागदावर लिहिलं, "उद्या नसला तरी चालेल." मग थोडं थांबून लिहिलं, "माझं नाही म्हणजे काय?"

धाकट्याने नुसती ती फ्लॉपी पुसून परत खणात ठेवली.

चिपने काम केलं. फ्लॉपी बदलणं संपलं, घर्रर थांबली. पण एवढ्या शब्दांतून एक हुडकायला जुन्या प्रोसेसरला चार सेकंद लागत. चार सेकंदांत अध्यक्ष ठराव मांडून, मंजूर करून, पाणीही पिऊन मोकळे झाले असते. मग धाकट्याने दुसरं कार्ड बसवलं आणि हात चोळत म्हणाला, "आता बोल."

बाईंनी 'नाही'ची खूण दाबली. यंत्रातून उंदीर चिरडल्यासारखं काहीतरी चिरकलं.

धाकट्याने पुन्हा दाबलं. पुन्हा उंदीर.

"माझीच चूक," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "आवाज कुठल्या गतीने सोडायचा ते मी तेव्हा प्रोसेसरच्या वेगावरच मोजलं होतं. अमुक आकडे मोज, मग पुढचा सूर सोड. आता हा गडी पन्नासपट भरभर मोजतोय. तो बदलेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं गं."

मग तो हळूच म्हणाला, "ताई, तुझे सगळे शब्द मोबाइलवर टाकून देऊ का? एका दिवसात होईल."

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पाना उचलून उगाच एक स्क्रू आवळला. त्यांनी आपली बोटं वर करून त्याच्या नाकापुढे नाचवली. या दहा बोटांना तीस वर्षं हाच कीबोर्ड पाठ होता. काचेवर टिचक्या मारून त्या भांडणार नव्हत्या. आणि यंत्र बदलायचं तर मग खिळे तरी का ठेवायचे, असं अध्यक्ष विचारणार नाहीत का? त्यांना काय तोंडाने सांगायचं?

त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: "जुळवताना भरभर. छापताना सावकाश."

धाकट्याने ते दोनदा वाचलं.

"जुना प्रोसेसर काढला नाहीये मी," तो स्वतःशीच म्हणाला. "शोधायचं काम नव्याकडे. शब्द सापडला की त्याला झोपवायचं, जुन्याला उठवायचं, आवाज त्याने सोडायचा. दोन ओळींचं काम आहे. तीस वर्षं मी शिकलेला माणूस म्हणवतो आणि हे मला एका जुळारणीने सांगावं!"

त्या दोन ओळी लिहायला त्याला दुपार लागली, पण संध्याकाळी पाचला यंत्र बोललं. "नाही." पस्तिशीतल्या बाईचा आवाज, किंचित खरखरीत, शेवटाला ठाम. खूण दाबली की लगेच. बाईंनी तो अकरा वेळा ऐकला. अकराव्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धाकट्याने पाहू नये असं त्यांना मुळीच वाटलं नाही.

मग त्यांनी एकेचाळिसावीकडे बोट दाखवलं.

आधी हे अशक्य होतं. आता नव्या प्रोसेसरने तो गोंगाट शांततेच्या जागी कापून त्याचे दोनशे तुकडे केले, तेही धाकट्याने चष्मा पुसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते सगळे ऐकले. खिळ्यांची खडखड, कुणाचं तरी खोकणं, स्वतःचं हसणं. ते हसणं त्या विसरूनच गेल्या होत्या. आणि मग एक ओरडा: "खाली ठेव ते! हात लावू नकोस! माझं पान आहे!"

धाकटा खो खो हसायला लागला. "अगं, आठवतंय मला हे! तो नवा शिकाऊ पोरगा, न बांधलेलं पान उचलायला निघाला होता. उचललं असतं तर हजार खिळे जमिनीवर. कसला टरकला होता! हातच आखडला त्याचा. म्हणजे हा आपला…"

बाईंनी मान डोलावली. हा आपला अध्यक्ष.

त्यांनी त्या ओरड्याचे दोन भाग करून मागितले. 'माझं' वेगळा काढून शब्दांत घातला. तो बाकी शब्दांपेक्षा मोठ्याने यायचा, कारण ओरडताना निघालेला होता. धाकटा त्याचा आवाज कमी करायला निघाला तेव्हा बाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. उरलेला ओरडा त्यांनी कोपऱ्यातल्या एका मोठ्या कीवर ठेवला.

गुरुवारी बैठक हातजुळणीच्याच खोलीत भरली. म्हणजे जिला मारायचं तिच्याच घरात. बाईंनी यंत्र पानं वाहायच्या ढकलगाडीवर आणून ठेवलं. फ्लॉपीची केस सोबत नव्हती. कारकुनाने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, म्हातारीने हार मानली.

अध्यक्षांनी ठराव वाचला. जागा अडते, शिसं तब्येतीला वाईट, काळाबरोबर चाललं पाहिजे. आवाज मऊ, दुःखात बुडवलेला. "आपल्या सर्वांनाच वाईट वाटतंय. तर कुणाचा विरोध नसेल, तर…"

"थांबा."

खोलीतल्या तरुण लोकांनी दाराकडे बघितलं. आधी घर्रर झालीच नव्हती, म्हणून कुणी बाई आत आली असं त्यांना वाटलं. जुने लोक मात्र बाईंकडेच बघत होते. बाइंडिंगच्या विभागातल्या, बाईंच्याच वयाच्या एकीने तोंडावर हात ठेवला.

अध्यक्ष सावरले. "बाई, तुमच्या भावनांची कदर आहे. लेखी द्या, मी वाचून दाखवतो."

"नाही," यंत्र म्हणालं. अध्यक्षांचं वाक्य अजून पुरतं संपलंही नव्हतं.

"हे बघा, नियम असा आहे की सभासदाने स्वतः बोलायचं. आता हे यंत्र…"

"मत माझं. यंत्र माझं." दोन्ही वेळा 'माझं' असा आला की खिडकीची काच थरथरली. बाईंची बोटं खणांतून फिरावीत तशी कीबोर्डवरून फिरत होती. "हात. वर. केला. थांबा. म्हणून. तुम्ही. पाठिंबा. लिहिला. का?"

शब्द एकेक, तुटक येत होते, पण मध्ये श्वासाइतकीही फट नव्हती. कुणाला घुसायला जागाच नव्हती. अध्यक्षांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्यांच्या तोंडावर पुढचा शब्द आदळला. तीस वर्षं दुसऱ्यांना बोलू देण्याची सक्ती झालेल्या बाईला आज दुसऱ्याचं वाक्य तोडता येत होतं. त्या मनापासून खूश झाल्या होत्या आणि ते लपवतही नव्हत्या.

"मागच्या विषयावर चर्चा नाही," अध्यक्ष चिडून म्हणाले. आवाजातलं दुःख एव्हाना आटलं होतं. "एका सभासदाची हरकत नोंदवून घेऊ. बाकी बहुमत गृहीत धरून…" आणि त्यांनी शिक्का उचलला.

बाईंनी कोपऱ्यातली मोठी की दाबली.

"खाली ठेव ते! हात लावू नकोस!"

पन्नाशीतल्या, चष्मा लावलेल्या, सूट घातलेल्या त्या माणसाचा हात जागच्या जागी आखडला आणि शिक्का टेबलावर परत गेला. कुणी ठेवायला लावला, का ठेवला, हे त्यांना स्वतःलाही नंतर कळलं. कान लाल झाले. त्यांनी बाईंकडे बघितलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ते बाईंकडे शिकाऊ पोरासारखं बघत होते.

बाइंडिंगवाली आधी हसली. मग मागची रांग.

"गृहीतबिहीत काही धरू नका," बाइंडिंगवाली डोळे पुसत म्हणाली. "एकेकाला विचारा. तोंडाने."

एकेकाला विचारलं. बारा जण 'नाही' म्हणाले. त्यातल्या पाच जणांनी गेल्या वर्षी सगळ्यांत आधी हात वर केला होता, आणि ते 'नाही' म्हणताना बाईंकडे बघत होते. अध्यक्षांनी स्वतः 'हो' म्हटलं, पण शिक्क्याला हात लावला नाही.

वृत्तांत लिहिणाऱ्या कारकुनाचं पेन अडलं होतं. "बाईंचं कसं लिहू?" त्याने विचारलं. "नेहमी आपण 'हात वर केला' लिहितो. की 'यंत्राद्वारे कळवलं' लिहू?"

बाईंनी ढकलगाडी मागे सारली, कारकुनाच्या खांद्यावरून वाकल्या आणि वहीवर एका जागी बोट टेकवलं. तो लिहू लागला. बाई त्याची अक्षरं उलटीसुलटी कशीही वाचू शकायच्या, जन्मभर तेच केलं होतं. तरीही ओळ पुरी होईपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही.

बाई म्हणाल्या, नाही.