दमलेली पाणबुडी

पाणबुडी दर बुडीला वीतभर आखडायची. मोरिवाकीला त्याचं नवल वाटलं नाही. चंदीशिवाय ओझं वाहिलं की कोणतंही जनावर रोडावतंच.

पाणबुडी जपानी लष्कराची होती, आरमाराची नव्हे. वेढ्यातल्या बेटांवर तांदूळ पोचवायला लष्कराने ती स्वतःच बांधली होती. आरमाराशी बोलचाल बंद, म्हणून तिच्यावर नेमलेले सगळे घोडदळातले. मोरिवाकी तर साधा मोतद्दार. तो तिला रोज खरारा करायचा. बुडी मारण्याआधी कप्तान तोगावा तिच्या मानेवर थोपटून म्हणायचे, "चल गं बाई." धक्क्याला लागली की तिला लगामाने खुंटाला बांधायचे. पोहता कुणालाच येत नव्हतं. ते घोड्याचं काम, असं सर्वांचं मत होतं.

बेटावर मोरिवाकीचा धाकटा भाऊ शिन्पेई होता. उपाशी. लहानपणी दोघं घरची घोडी पाण्यावर न्यायचे. शिन्पेई पुढे. निघताना तो लगामाला दोन हलके हिसके द्यायचा. एकदम ओढलं तर तिला वाईट वाटतं म्हणे.

आधी कप्तानांची खाट मावेना. मग कप्तान मावेनात.

"मोरिवाकी, तू बुटका आहेस," ते म्हणाले. "आता तूच ने."

"आणि तांदूळ, साहेब?"

"मांडीवर घे."

तो मांडीवर पोतं घेऊन बसला आणि रेडिओवर शरणागती जाहीर झाली. भुकेला मात्र तसं कुणी कळवलं नव्हतं.

गोरा अधिकारी ताबा घ्यायला आला तोवर ती शेळीएवढी झाली होती.

"पाणबुडी कुठाय?" त्याच्या दुभाष्याने विचारलं.

"ही काय."

"कागदावर मोठी आहे."

"कागद बुडी मारत नाही," कप्तान म्हणाले.

अधिकारी वाकला, काहीतरी पुटपुटला.

"साहेब विचारतायत, चावते का?"

"छे. पण मागे उभं राहू नका म्हणावं."

दुभाष्याने तेही सांगितलं. अधिकारी बाजूला सरकला. मग हुकूम सुटला: उद्या सुरुंग लावून सगळ्या पाणबुड्या फोडायच्या. हीसुद्धा.

ते गेल्यावर मोरिवाकीने तिला पायऱ्यांवरून खाली नेलं. तिने पाण्यात एकदाच तोंड घातलं आणि ती ओंजळीत मावू लागली. त्याने नखाने झाकण उघडलं आणि शिजलेल्या भाताचं एक शीत आत ठेवलं.

"एकच?" कप्तानांनी विचारलं.

"शिन्पेई सावकाश जेवतो, साहेब."

कप्तानांनी एका बोटाने तिची मान थोपटली. "चल गं बाई."

ती गेली. लगाम काही आखडला नव्हता. मोरिवाकीच्या मुठीतून तो सरकतच राहिला.

दुसऱ्या दिवशी अधिकारी सुरुंग घेऊन आला, तेव्हा मोरिवाकी लगामाचं टोक धरून पायरीवरच बसला होता.

"पाणबुडी कुठाय?"

"कामावर."

"साहेब म्हणतायत, परत बोलव. नाहीतर दोर कापतील."

"ओढलं तर तिला वाईट वाटेल," मोरिवाकी म्हणाला.

अधिकाऱ्याने चाकू काढला. एका हाताने लगाम ताणून धरला आणि पातं टेकवलं. समुद्र सपाट होता. दुसऱ्या टोकाने लगामाला दोन हलके हिसके दिले.