लातूरच्या उन्हातली लिली

अण्णाराव नर्सरीत शिरले तेव्हा शिवकांता गुलाबाच्या कलमांना पाणी देत होती. तिने त्यांना आवाजावरूनच ओळखलं. त्यांनी तिला ओळखलं नाही. भूकंप झाला तेव्हा ती बारा वर्षांची पोर होती. आता तिशीची बाई, औसा रोडवरच्या या नर्सरीची मालकीण.

किल्लारीजवळच्या त्यांच्या गावात त्या सकाळी एकच ट्रॅक्टर धड उरला होता, अण्णारावांचा. शिवकांताची आई रत्नम्मा कोसळलेल्या मातीच्या माळवदाखाली अडकली होती आणि आतून हाका मारत होती. शिवकांताने अण्णारावांचे पाय धरले.

"काका, एवढी तुळई ओढा. माय बोलायलीय."

"थांब जरा," म्हणत ते ट्रॅक्टर घेऊन स्वतःच्या पडक्या घराकडे गेले. त्यांची सगळी माणसं सुखरूप बाहेर पडून रानात जाऊन बसली होती. तरी त्यांनी आधी लोखंडी कपाट ओढून काढलं, मग बुलेट काढली. दुपारी ते परत आले तोवर आईचा आवाज थांबला होता.

मामाने पोरक्या शिवकांताला अर्धापूरला नेलं. केळीच्या बागांत ती मोठी झाली, शेतीची पदविका घेऊन लातूरला आली. अण्णारावही लातूरलाच आले होते. बाहेरगावची पोरं शिकवणीसाठी लोंढ्याने यायला लागली, तशी त्यांनी होस्टेलची मोठी इमारत उठवली आणि शेजारी बंगला.

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. रुंद हिरव्या पानांत इवल्या पांढऱ्या घंटांची माळ.

"आमची आरती जर्मनीला असती. तिच्या अंगणातलं हाय हे. लिली ऑफ द व्हॅली. आमच्या हिनं बघितल्यापासून ध्यास घेतलाय. हितं येतंय का?"

शिवकांताला उत्तर ठाऊक होतं. हिवाळाभर मुळं कडक गारठ्यात निजली तरच या झाडाला फूल येतं. जर्मनीत ते कुंपणाखाली आपोआप पसरतं, हिमाचलात बर्फाखालून उठतं. महाबळेश्वरात सावलीला कसंबसं जगेल, फुलेलच असं नाही. लातुरात मार्च लागला की संपलंच.

"येतंय की," ती म्हणाली. "जीव लावावा लागतो."

हे झाड विषारी असतं, हेही तिला माहीत होतं. तो विचार एकदा मनात येऊन गेला. पण विषाने सगळं पटकन संपलं असतं.

तिने हिमाचलातून मुळं मागवून दिली आणि सकाळचं ऊन लागू द्या म्हणून सांगितलं. कोंब आले, पानं आली, करपली. पुढच्या वर्षी तिने हिरवी जाळी बांधायला लावली. शहरात पाण्याची बोंब असताना अण्णाराव त्या वाफ्यासाठी टँकर बोलवायचे, बुंध्याशी बर्फ ठेवायचे. पानं पुन्हा पिवळी पडली. ते घामाघूम होऊन नर्सरीत आले.

"मुळं अजून जित्ती हायत, उकरून बघितलं मी. काय करू? वाचतील का?"

"थांबा जरा," शिवकांता म्हणाली आणि आत निघून गेली.

त्या पावसाळ्यात अण्णारावांऐवजी त्यांची बायको आली. सिंधुकाकू फार वाळल्या होत्या.

"न्हाई आलं तर न्हाई ग बाई," त्या म्हणाल्या. "पण खरं सांग. माझ्याच हातात दोष हाय का? लेक येत न्हाई, तिच्या अंगणातलं झाड बी येत न्हाई."

घाव भलतीकडेच बसत होता.

तिने नवी मुळं मागवली. ओल्या शेवाळात गुंडाळून घरच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवली. हिवाळा सरत आला तेव्हा कुंडीत लावून गार, अंधाऱ्या खोलीत ठेवली. कोंब वर आल्यावर हळूहळू उजेडात आणली. एके सकाळी खोलीभर वास सुटला. दांड्यावर घंटा उमलल्या होत्या.

कुंडी घेऊन ती बंगल्यावर गेली. सिंधुकाकूंनी फुलांवर गाल टेकवला आणि रडू लागल्या. अण्णाराव कौतुकाने म्हणाले, "लई उपकार झाले बाई. कुठल्या तुमी?"

"तुमच्याच गावची. मलप्पाची लेक. रत्नम्माची."

त्यांचा चेहरा उतरला.

"माय हाका मारायली होती, काकू. मी यांचे पाय धरले. यांनी आधी कपाट काढलं, मग बुलेट."

सिंधुकाकू नवऱ्याकडे वळल्या. "तुमी तर म्हणालात ट्रॅक्टर बंद पडला व्हता."

"तवा डोकंच चाललं न्हाई माझं."

"बुलेट काढायला बरं चाललं."

"हे झाड हितं येणार न्हाई, हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं," शिवकांता म्हणाली. "यांना राबवायचं होतं. तुमचा जीव पोळला, तेवढी माफी करा." आणि ती उठली. कुणी तिला थांब म्हणालं नाही.

सिंधुकाकूंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. आरतीला फोनवर सगळं सांगितलं. आरतीने तिकीट काढून आईला बोलावून घेतलं, आणि परत कधी येणार ते दोघींनीही अण्णारावांना कळवलं नाही.

उन्हाळ्यात शिवकांता होस्टेलमध्ये रोपं द्यायला गेली. खानावळीत शिकवणीच्या पोरांच्या रांगेत अण्णाराव ताट धरून उभे होते. त्यांनी तिला पाहिलं आणि मान खाली घातली. तिने घातली नाही. त्यांना वाढून होईपर्यंत ती दारातच उभी राहिली.

घरी येऊन तिने भाकरी थापली. कधी नव्हे ती सपाटून भूक लागली होती.