तपकिरी काचांचा डबा

"या डब्यात तपकिरी काचा होत्या. ह्या करड्या कुठून आल्या?"

दादाने डबा टेबलावर उपडा केला. त्याचा धाकटा भाऊ एका गॉगलची दांडी दुसऱ्या गॉगलला बसवत होता. त्याने मान वर केली नाही.

"डबा तूच भरलायस, दादा. मी हात लावलेला नाही."

"म्हणजे काचांनीच रंग बदलला. सरड्याची जात!"

जिन्याखालच्या त्या दुकानात दोन मेलेल्या गॉगलांतून एक जिवंत निघायचा. याची दांडी, त्याची काच, तिसऱ्याच्याच नाकाच्या गाद्या. कॉलेजची पोरं काळ्या फ्रेमला लाल दांड्या लावून घ्यायची आणि घरी जाऊन बोलणी खायची. धंदाच असा, की प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटायचं, आपला चांगला भाग काढून याने दुसऱ्याला लावला. तेव्हा संशय दादाला नवा नव्हता. फक्त आजवर तो काउंटरच्या पलीकडून यायचा.

मोतीबिंदू काढून तो काही दिवस घरी काय बसला, परत येऊन बघतो तर हे. डोळे आता लख्ख झाले होते, आणि लख्ख डोळ्यांना पहिली दिसली ती भावाची चोरी. तपकिरी काच महाग, करडी स्वस्त. आणखी काय सांगायला हवं?

"अहो, भावजी असं करतील का?" दुपारी घरी जेवताना बायको म्हणाली.

"तू त्याची बाजू घेतेयस. म्हणजे तुलाही माहीत आहे."

संध्याकाळी दुकान बंद करताना त्याने डब्याच्या झाकणात एक केस अडकवून ठेवला. डोक्यावर मुळात मोजकेच उरले होते. त्यातला एक पुराव्यापायी खर्ची पडला. सकाळी केस जागच्या जागी होता. म्हणजे धाकटा सावध झाला होता.

"खिसे दाखव," दादा म्हणाला.

धाकट्याने खिसे उलटे केले. रुमाल आणि घराची किल्ली निघाली. त्याने ती परत आत घातली, आपला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि समोरच्या घड्याळवाल्याकडे जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तिथेच बसला.

तिसऱ्या दिवशी एक टेम्पोवाला सैल झालेली दांडी घेऊन आला. "धाकटे कुठायत?"

"का? मी काय इथे चणे विकतो?"

"तसं नाही हो. मागे तुम्ही काचा बसवून दिल्यात, एक तपकिरी, एक करडी. अर्ध्या रस्त्यावर दुपार, अर्ध्यावर संध्याकाळ! धाकट्यांनी बदलून दिली. म्हणाले, चूक माझीच, दादाला सांगू नका."

"एकदा झालं असेल."

टेम्पोवाला चपलेकडे बघू लागला. "आमच्या स्टँडवर सगळ्यांना ठाऊक आहे, दादा. बसवायचं तुमच्याकडून. मग तुम्ही जेवायला गेलात की धाकट्यांना दाखवायचं. ते म्हणायचे, दादाच्या हाताचं नाव आहे, ते राहू दे."

टेम्पोवाला गेल्यावर दादाने आधी विचार केला, की ह्याला कुणी पढवून पाठवला असेल. मग त्याने डबा पुन्हा ओढला. परत भरलेल्या सुट्या काचांखाली न उघडलेल्या पुड्या होत्या. काचांची प्रत्येक जोडी तो स्वतः कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, आणि त्याची ती डावखुरी, उलटी गाठ धाकट्याला कधीच जमली नव्हती. त्याने एक गाठ सोडली. एक काच तपकिरी, एक करडी. दुसरी पुडी सोडली. दोन्ही करड्या. मोतीबिंदूच्या धुरकट पिवळ्या पडद्याआडून त्याला सगळंच तपकिरी दिसलं होतं, आणि किती दिवस दिसत होतं ते सांगायला डब्यात कुणी नव्हतं.

तिसरी पुडी त्याने सोडली नाही.

हाताला लागला तो गॉगल घेऊन तो रस्ता ओलांडून समोर गेला. धाकटा एका घड्याळाचा पट्टा उगाच पुसत होता.

"ही काच कोणती रे?"

"दिसतंय की आता तुला."

"दिसतंय. तरी तू सांग."

घड्याळवाल्याने स्टूल पुढे सरकवलं. धाकट्याने गॉगल घेतला आणि उजेडाकडे धरला. एवढ्याशा कामाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ धरला. दादा स्टुलावर बसला नाही. गिऱ्हाईक उभं राहतं तसा, हात मागे बांधून, तो उत्तराची वाट बघत उभा राहिला.