शेजारणीच्या धुराड्याला बांधलेली तार

माझा नवरा त्सेलिसो आमच्या मोखोत्लोंग गावच्या पोस्टात यंत्रं दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर त्याने हौशी रेडिओचा परवाना काढला आणि छपरापासून पीचच्या झाडापर्यंत अंगणात मावेल तेवढी आखूड तार ताणली. त्या तारेवर त्याला जपान ऐकू यायचं, इटली ऐकू यायची. फक्त धाकटा भाऊ मोखेथी ऐकू येत नव्हता. तो डोंगरापलीकडच्या दरीत राहायचा. तिथे मोबाइल चालत नाही, आणि घोड्यावरून जायचं तर वाटेत मुक्काम करावा लागतो.

तसाच बोलता येणारा रेडिओ, लांब तारेसकट, मोखेथीकडेही होता. मी सांगतेय त्या हिवाळ्याआधी त्याची बायको वारली. आम्ही मातीला गेलो, तर तो आमच्याशी धड बोललासुद्धा नाही.

"जपानची रोज खुशाली विचारता," मी एकदा म्हणाले. "सख्ख्या भावाला कधी विचारणार, जेवलास का म्हणून?"

"अगं, या तारेवरचा आवाज लांब उडी मारतो. भावाच्या डोक्यावरून जातो. जवळच्या दरीत उतरायला खालचा पट्टा लागतो, ऐंशी मीटर लांबीच्या लहरींचा. त्याला तार लांब हवी. अंगण कुठून आणू?"

पण बोलणं त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकच्या पाइपाचे दोन तुकडे घेऊन बसला. लांब करता येत नाही ती तार गुंडाळायची, असा त्याचा बेत. मी रीळ धरलं, तो वेढे देत गेला. तारेच्या दोन्ही टोकांना एकेक गुंडाळी आणि पुढे थोडी शेपटी. एक शेपटी पीचवरून आमच्या कुंपणाला आली. दुसरी बांधायला भिंतीपलीकडच्या मातुमेलोच्या धुराड्याशिवाय काही नव्हतं.

मातुमेलो विधवा, जिभेची तिखट. आमच्या कोंबड्यांनी तिच्या वाफ्यातला भाजीचा पाला खाल्ला तेव्हापासून अबोला होता. विचारायला मीच गेले.

"माझं घर पेटलं तर?"

"नाही पेटत. टोकाला हात तेवढा लावू नकोस."

"बांधा. पण माझ्या धुराड्यावरून काय बोलणं जातं, ते मी ऐकणार."

त्सेलिसो शेपट्या कापत बसला. थोडी कापायची, घरात जाऊन मीटरचा काटा बघायचा, पुन्हा बाहेर. एकदा जास्तच कापली गेली, मग शिव्या देत तुकडा जोडला. शेवटी काटा खाली बसला, तार पट्ट्याशी जुळली. डोंगराला लांबून वळसा घालणाऱ्या बसच्या ड्रायव्हरबरोबर मोखेथीला निरोप धाडला, रविवारी संध्याकाळी ऐंशी मीटरवर रेडिओ लावून बस.

रविवारी संध्याकाळी मातुमेलो घोंगडी पांघरून आमच्याकडे आली. त्सेलिसो हाका मारत राहिला, नुसती खरखर. ती जायला उठणार, तेवढ्यात खरखरीतून आवाज आला, "दादा?"

त्सेलिसोने आवाज मोठा केला. त्याने माइक माझ्याकडे दिला.

"जेवलात का, भावोजी?" मी विचारलं.

"पापा आहे सकाळचा, मक्याच्या पिठाचा. खाईन."

"भाजी?" मागून मातुमेलो.

"कोण बोलतंय?"

तिने माइक ओढून घेतला. "शेजारीण. माझ्या धुराड्यावरून बोलतोयस, म्हणून विचारते. शिळा पापा कोरडाच खातोस? पाला उगवत नाही तुझ्या दरीत?"

"उगवतो. करायचा कंटाळा येतो."

"कंटाळा मलाही येतो. तरी करते. उद्या काय केलंस ते सांगायचं."

पलीकडे तो हसला. त्सेलिसोने माझ्याकडे पाहिलं. मातीला गेलो होतो तेव्हा वाटलं नव्हतं, हा माणूस पुन्हा हसेल.

मग रोजचंच झालं. मोखेथी स्वयंपाकाचा हिशेब द्यायचा, ती त्यात चुका काढायची. आमचा नंबर शेवटी लागायचा. एकदा तिला ताप आला. ती दिसली नाही, तेव्हा मोखेथीने तीनतीनदा विचारलं. तिने औषध घेतलं का, हे बघायला त्याने भावालाच पिटाळलं.

बर्फ वितळल्यावर मोखेथी घोड्यावर बटाट्याचं पोतं लादून आला. दोन घास आमच्याकडे खाल्ले, धुराड्यावरची गाठ सैल झालीये म्हणाला आणि भिंतीपलीकडे गेला.

अंधार पडला तरी परतला नाही. सवयीने त्सेलिसोने रेडिओ लावला. भिंतीपलीकडून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता, मधूनच मातुमेलोचं हसू.

"आता मी कोणाशी बोलू?" तो म्हणाला.

"माझ्याशी बोला," मी म्हणाले आणि खुर्ची जवळ ओढली.