फडक्याआडचे पाय

"टबात कुणाचेच पाय नसले, तर पाणी लाल होतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, एवढं विचारून दाखव. भिंगरी कसली मागे हटतेय! खच्चून भरलेल्या सभागृहात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली.

मंचावर एकजण पाय टबात सोडून बसला होता. तोंडावर पांढरं फडकं. पाणी बघता बघता तांबडंलाल झालं होतं आणि लोक हात जोडून बघत होते.

"रक्ताच्या नात्याला अंतर नसतं," शुद्धीगुरू घोळवून सांगत होता. "रोगी तिकडे इस्पितळात, विष इकडे नातेवाइकाच्या पायांतून. इस्पितळातलं रक्त गाळायचं यंत्र हवंय कशाला? उद्या रोग्याला घरी आणा."

भिंगरीचा दादा बॉयलर फुटून भाजला होता, रक्तात जंतू पसरून त्याच यंत्रावर होता. तिचं डोकं सणकलं.

"पायांशिवाय मंत्र लागत नाही, बाळ."

"मंत्र राहू द्या. मीठ टाका, बटण दाबा."

"दाबा की, बघू तरी," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वाट पाहिली नाही, थेट मंचावर चढली. शेजारच्या टबात मिठाचं पाणी होतंच. गुरूचा पाय मघापासून जिथे जात होता, ते सतरंजीखालचं बटण तिने पायाने दाबलं. कुणाचेच पाय नसलेल्या त्या टबातलं पाणीही तांबडं झालं. तळाची फळी उचलली, तर खाली लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि बॅटरीकडे गेलेली तार.

"हा गंज आहे. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड झरझर गंजतं. आमच्या प्रयोगशाळेत या, फुकट दाखवते." हशा पिकला. भिंगरीला आणखी चेव आला. "आणि हे काका बघा, गंज काढायला बसलेत!"

सभागृह खदखदलं. त्या माणसाने फडकं काढलं.

ते बाबा होते.

गर्दीकडे बघण्याच्या नादात तिने ते पाय पाहिलेच नव्हते. बाबांनी दुमडलेली विजार ओल्या पायांवर तशीच सोडली आणि मान खाली घालून ते चालू लागले. मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या. भिंगरीला भुई दुभंगली तर बरं, असं झालं.

इस्पितळाच्या बाकावर आई म्हणाली, "उद्या दादाला घरी न्यायचं ठरलं होतं."

"डॉक्टरीणबाईंचं बोलणं कळत नाही मला," बाबा पुटपुटले. "पुन्हा विचारलं तर म्हणतील, अडाणी आहे. तो मेला गुरू निदान शेजारी बसून सांगायचा."

भिंगरी उठली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

"यंत्र रक्तातले काही घातक पदार्थ गाळतं," बाई म्हणाल्या. "जंतूंवर औषध वेगळं चालू आहे, जखमाही रोज साफ करतो. वाचेलच अशी हमी मी देत नाही. पण यंत्र काढलं तर त्याचा मोठा आधार जाईल."

बाबांनी चाचरत विचारलं, "गाळलेलं रक्त… त्याचंच परत त्याला?"

"त्याचंच."

बाई गेल्यावर भिंगरी बाबांच्या पायांशी बसली. घोट्यांवर गंज अजून तसाच होता. तिने रुमाल ओला केला आणि पुसायला घेतलं.

"सोड गं," बाबा म्हणाले.

"नाही सोडत. आणि ऐका दोघं. दादा इथेच राहणार. उद्यापासून शाळा सुटली की मी इथे येणार. कळलं नाही ते विचारायचं, दहादा विचारायचं. विचारणाऱ्याने कशाला लाजायचं? हसणाऱ्याने लाजायचं. आज हसणारी मी होते."