डाव्या पायाचा बूट

प्रबुद्ध रामटेकेच्या मनात एकदा शंकेची पाल चुकचुकली, की तिला गप्प करणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. रविवारी सकाळी आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या गोदामात त्यानं इंग्लंडहून आलेली लाकडी पेटी उघडली. आत जुनी मोटरसायकल. पुढचा ब्रेक नाही, मागचा नाही. दिवा नाही, गिअरचा दांडा नाही. सोबत बूट होता तोही एकच, डाव्या पायाचा, तळाला लोखंड ठोकलेला.

"अबे, गाडी तर लुटली!" तो ओरडला.

शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीआधी, गुरुवारी संध्याकाळी गोदामाची किल्ली होती सिराजकडे. सिराज अकोल्याचा. नऊ वर्षं दोघं एका टेबलावर जेवत होते, आणि सिराज रोज आपला डबा आधी प्रबुद्धपुढे सरकवायचा. पण आज हाच सिराज पोरीच्या निकाहासाठी संध्याकाळच्या विमानानं निघणार होता, आणि कोपऱ्यात त्याची भली जड बॅग होती. आता लग्नघरी जाणाऱ्याची बॅग हलकी कशी असेल? पण हे प्रबुद्धला सांगणार कोण!

"सिराज, बॅग उघड."

"मी, भाऊ?"

"उघड म्हटलं ना!"

सगळ्या गोदामासमोर बॅग उपसली गेली. लाल दुपट्टा, बदामाची पाकिटं, दूध पावडरचा डबा. ब्रेक नाहीत. म्हणजे विकून मोकळा झाला, असं प्रबुद्धनं ठरवूनच टाकलं आणि मॅनेजर फराजला मेल केली. चौकशी होईपर्यंत लीव्ह मफी, म्हणजे रजा नाही, असं फराजचं लगेच उत्तर आलं. सिराजनं दुपट्ट्याची घडी घालून तो बॅगेत परत ठेवला. प्रबुद्धला तर तेच जास्त खटकलं.

अकराला गाडीची मालकीण आली. शहरातल्या झिंज भागात राहणारी पामेलाबाई, सत्तरीची इंग्रज. गाडी तिच्या वडिलांची, टेडची. ते गेल्या वर्षी वारले, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. प्रबुद्धनं मान खाली घालून चोरीची बातमी दिली, तर बाई हसतच सुटली.

"अरे, ब्रेक, दिवा, गिअर नव्हतेच कधी! त्या शर्यतीच्या गाड्यांना नसतातच."

मग तिनं सगळं सांगितलं. युद्धावरून परतलेला टेड अठ्ठेचाळीस सालापासून मातीच्या गोल ट्रॅकवर धावायचा. चार गडी, चार फेऱ्या, वळण कायम डावीकडे. डावा पाय जमिनीवर घासत जायचा, म्हणून लोखंडी बूट एकाच पायाला. माणसं हजारोंनी ओरडायची. तीनदा गळ्याजवळचं हाड मोडलं, तरी गडी हटला नाही. छप्पन साली मांडीच मोडली आणि खेळ खलास. पुढे तीस वर्षं त्यानं बस चालवली.

"भीती नाही वाटायची?" प्रबुद्धनं विचारलं.

"बाबा म्हणायचे, पुढचा गडी मध्येच थांबणार नाही याची खात्री असायची. ब्रेक असते, तर एकमेकांच्या अंगावरच चढलो असतो."

प्रबुद्धला स्वतःचे बाबा आठवले. ते नागपूरच्या गिरणीत होते. पाळी सुटली की फाटकावर हात वर करून रोज झडती द्यायचे आणि घरी येऊन तासभर कुणाशी बोलायचे नाहीत. आणि त्यांच्या पोरानं आज हे दिवे लावले! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

तो धावतच फराजच्या केबिनमध्ये शिरला. "चूक माझी, लेखी देतो. हवं तर माझी लीव्ह कापा, त्याला जाऊ द्या." फराजनं आधी त्याला चांगला झाडला, मग सही केली.

जेवणाच्या सुट्टीत सिराज नेहमीच्या टेबलावर होता. प्रबुद्ध समोर जाऊन बसला.

"माफ कर रे. डोकं फिरलं होतं माझं. तुझी लीव्ह मिळाली परत."

सिराजनं मान हलवली. डब्याची तिन्ही झाकणं काढली. चमच्यानं सालन बाजूला सारून तळ दाखवला, पोळीची घडी उलगडली, आणि सगळं प्रबुद्धपुढे सरकवलं.

"आधी बघून घ्या, भाऊ," तो म्हणाला. "मग जेवू."